आधी कागद, मग वेबसाइट



सध्या रोज रात्री जेवण झालं की मी तासभर माझी स्वतःची वेबसाइट नव्याने मांडत बसतो. बी.ई.च्या शेवटच्या वर्षाला ती पहिल्यांदा बनवली होती. त्यावर एक फोटो, गुणांची टक्केवारी, येत असलेल्या संगणकभाषांची यादी आणि कॉलेजचे दोन प्रोजेक्ट होते. पहिल्या नोकरीसाठी तेवढं पुरलं. आता दहा वर्षांच्या कामानंतर तेच पान माझ्याबद्दल फारसं काही सांगत नाही.

हा विषय फक्त आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचा राहिलेला नाही. आपल्या इंदूरमध्ये डिझाइन, आर्किटेक्चर, फोटोग्राफी शिकणाऱ्या मुलामुलींनाही मुलाखतीआधी विचारतात, "पोर्टफोलिओची लिंक पाठवता का?" म्हणून या वेळी त्याबद्दल.

पोर्टफोलिओ हा शब्द इटालियनमधून आला. कागद वाहून नेण्याची घडी किंवा पिशवी, असा त्याचा मूळ अर्थ. चित्रकार काखेत मोठं फोल्डर घेऊन जातात ना, तेच. देवळालीकर मास्तरांनी 1927 साली इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू केली. बेंद्रे, हुसेन यांच्यासारखे विद्यार्थी तिथे शिकले. चित्रकाराच्या फोल्डरमध्ये मोजकेच कागद मावतात, त्यामुळे काय न्यायचं ते निवडावंच लागतं. वेबसाइटवर जागेची टंचाई नाही. तिथे निवड आपली आपणच करायची असते, आणि अवघड काम तेच आहे.

म्हणून कॉम्प्युटर सुरू करण्याआधी मी वहीत तीन प्रश्न लिहिले. हे पान कोण पाहणार? त्याला काय जाणून घ्यायचंय? पाहून झाल्यावर त्याने काय करावं? माझं उत्तर साधं होतं. दोन मीटिंगच्या मधल्या वेळात मोबाइलवर पान उघडणारा एखादा टीम लीडर. त्याला पाहायचंय की मी कोणत्या प्रकारचे प्रश्न सोडवतो. आणि पटलं तर त्याने मला ईमेल करावा. एवढं ठरल्यावर बऱ्याच गोष्टी आपोआप गळाल्या. टक्केवारी गेली, पंधरा सर्टिफिकेटं गेली, हलणारी चित्रं गेली. कामं तीनच राहिली.

"कोण पाहणार" हे पक्कं असेल तर दिखाऊपणा लागतच नाही. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे अरविंद गुप्ता यांची वेबसाइट. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर. 1978 मध्ये ते आपल्या मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात आले आणि काडेपेट्या, सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांतून मुलांसाठी खेळणी करू लागले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची वेबसाइट दिसायला अगदी साधी. पण खेळणं कसं बनवायचं त्याचे टप्प्याटप्प्याने फोटो, छोटे व्हिडिओ, आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं, सगळं फुकट. वाचणारा मूल किंवा शिक्षक आहे हे तिथल्या प्रत्येक पानाला माहीत आहे. स्वतःची स्तुती करायची गरजच उरत नाही.

माझ्यापुढची खरी अडचण वेगळी होती. दहा वर्षं लिहिलेला कोड माझा नाही, कंपन्यांचा आहे. करारानुसार त्याचे स्क्रीनशॉट किंवा ग्राहकांची नावं मी कुठेही दाखवू शकत नाही. मग दाखवायचं काय? यावर दोन मार्ग काढले. एक, नावं न घेता, गुप्त काही न उघडता अडचण काय होती आणि मी कसा विचार केला ते चार-पाच वाक्यांत लिहायचं. दुसरा, घरी स्वतःच्या वेळात, काल्पनिक माहिती वापरून एक छोटं ॲप बनवायचं आणि त्याचा कोड खुला ठेवायचा.

लिहायला बसलो आणि "मी" शब्दाशीच अडलो. आपली टिमकी आपण वाजवू नये, हे आपल्या घरांमध्ये लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून हात "आम्ही" लिहितो. पण "आम्ही सिस्टीम बनवली" यातून माझा वाटा कळत नाही, आणि "मी बनवली" म्हटलं तर सोबतच्या सात जणांवर अन्याय होतो. शेवटी लिहिलं, "आठ जणांच्या टीममध्ये डेटाबेसची रचना माझ्याकडे होती." यात फुशारकी नाही आणि खोटंही नाही. मुलांनो, ग्रुप प्रोजेक्टबद्दल असंच लिहा. मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

आता थोडं तांत्रिक. सात-आठ साध्या पानांसाठी महागडं होस्टिंग लागत नाही, गिटहब पेजेसवर ती फुकट ठेवता येतात. स्वतःच्या नावाचा डोमेन मात्र जरूर घ्या, आणि दरवर्षी नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. मोबाइलने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो, तो लहान करूनच चढवा. बायोडाटाच्या सवयीने जन्मतारीख, वडिलांचं नाव, घरचा पत्ता लिहू नका. ते पान सगळं जग पाहतं.

मी एक पान मराठीतही ठेवतोय. त्यासाठी युनिकोड फॉन्टच वापरा. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अगम्य चिन्हांसारखं दिसतं. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा थोडं जास्त ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात.

घरून दिवाळीचा फराळ विकणाऱ्या काकू असोत, गाण्याचे क्लास घेणाऱ्या ताई असोत, की निवृत्तीनंतर लाकडाच्या वस्तू करणारे काका, सगळ्यांना हेच तीन प्रश्न लागू पडतात. तेव्हा या रविवारी एक कोरा कागद घ्या, तीन प्रश्न लिहा आणि आपली तीनच कामं निवडा. मग तो कागद घरातल्या अशा माणसाला द्या, ज्याला तुमच्या कामातलं काही कळत नाही. त्याला दोन मिनिटांत समजलं, तर निम्मी वेबसाइट तयार झाली म्हणून समजा.