मेडिकल कौन्सिलचा निकाल पटला नाही तर डॉक्टरला अपील करता येतं, पण पेशंटला?

उपचारात हलगर्जी झाली असं वाटलं की घरचे लोक बहुतेक वेळा दोनच ठिकाणं गाठतात, पोलीस स्टेशन किंवा ग्राहक आयोग. तिसरं ठिकाण अनेकांना माहीतच नसतं. ते म्हणजे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, म्हणजेच एमएमसी. राज्यातल्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांची नोंदणी हीच संस्था करते आणि ती रद्द करण्याचा अधिकारही तिच्याचकडे आहे.

1965च्या कायद्याने चालणाऱ्या या कौन्सिलचं मुख्य कार्यालय मुंबईत चिंचपोकळीला आहे. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या डॉक्टरचा कौन्सिलशी संबंध येतो तो मुख्यतः नोंदणीच्या नूतनीकरणासाठी. दर 5 वर्षांनी नोंदणी नवी करायची आणि त्यासाठी 30 क्रेडिट पॉइंट जमवायचे. हे पॉइंट कौन्सिलची मान्यता असलेल्या परिषदा आणि कार्यशाळांना हजर राहून मिळतात. मोठ्या शहरात असे कार्यक्रम सतत होतात. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्याला मात्र त्यासाठी ओपीडी बंद ठेवून जावं लागतं.

पेशंटचा कौन्सिलशी संबंध येतो तो तक्रार असेल तेव्हाच. 2025 मध्ये त्यात थोडा बदल झाला. कौन्सिलने 'नो युवर डॉक्टर' ही क्यूआर कोडची योजना आणली. दवाखान्यातला कोड मोबाइलवर स्कॅन केला की डॉक्टरची नोंदणी आणि पदवी दिसते. योजना चांगली आहे. पण बोगस डॉक्टर कोड लावणारच नाही, हे उघड आहे. शिवाय त्याच्यावर कौन्सिल स्वतः फार काही करू शकत नाही. जिथे नोंदणीच नाही, तिथे रद्द काय करणार? ते काम पोलीस आणि स्थानिक प्रशासनाचं.

तक्रार केल्यावर काय होतं?

कौन्सिल दोन्ही बाजू ऐकते. दोष आढळला तर डॉक्टरला ताकीद देते किंवा त्याचं नाव ठरावीक काळासाठी अथवा कायमचं नोंदवहीतून काढते. नुकसानभरपाई इथे मिळत नाही, त्यासाठी ग्राहक आयोगच. हॉस्पिटलच्या बिलाची तक्रारही इथे चालत नाही, कारण कौन्सिलचा अधिकार डॉक्टरवर आहे, हॉस्पिटलवर नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दातांच्या डॉक्टरांसाठी वेगळ्या परिषदा आहेत.

नियमानुसार निकाल 6 महिन्यांत लागायला हवा. हा नियम 2002चा आहे. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नवे नियम काढले होते, पण डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यावर त्याच महिन्यात ते स्थगित झाले. म्हणून जुनेच नियम लागू आहेत.

खरी अडचण निकालानंतर सुरू होते. जुन्या नियमांत राज्याच्या कौन्सिलचा निर्णय मान्य नसलेल्या कोणालाही 60 दिवसांत दिल्लीला अपील करता येत होतं, पेशंटलाही. 2019च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात कलम 30 आलं आणि त्यात अपिलाचा हक्क फक्त डॉक्टरला दिला गेला. पेशंटचा उल्लेखच नाही. या कायद्यावर बोट ठेवून आयोगाने पेशंटची अपिलं परत पाठवली आहेत. ज्या संस्थेत निर्णय घेणारे बहुतांश डॉक्टरच असतात, तिथे दुसऱ्यांदा दाद मागायची सोयही एकाच बाजूला असणं खटकतं. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने कायदा दुरुस्तीचा मसुदा मांडला, त्यात पेशंटला अपिलाचा हक्क होता. त्या मसुद्याचं कायद्यात रूपांतर झालेलं नाही. हायकोर्टात रिट याचिका करता येते, पण वकिलाची फी आणि लागणारा वेळ शेतमजुराच्या घराला झेपणारा नसतो.

त्यामुळे पहिली तक्रारच भक्कम हवी. त्यासाठी कागद लागतात आणि इथे 2002चा नियम पेशंटच्या बाजूने आहे. दाखल झालेल्या पेशंटची केस पेपरं डॉक्टरने 3 वर्षं जपून ठेवायची असतात आणि पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यापासून 72 तासांत द्यायची असतात. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. टाळाटाळ झाली, तर तोही गैरवर्तनाचाच मुद्दा ठरतो आणि त्याच तक्रारीत मांडता येतो.