लिफ्ट आधीं कीं जमीन आधीं ?

बारामती व इंदापूर तालुक्यांतील बागाईतदारांच्या वस्त्यांवर जीप, मोटार अथवा पिक-अप ही आतां नवलाची वस्तु राहिलेली नाहीं. गाडी घरची, तेव्हां किरकोळ दुरुस्तीही घरींच व्हावी, म्हणून शेडमध्यें दोन खांबी लिफ्ट बसविण्याचा विचार कांहीं मंडळी बोलून दाखवितात. जॅकवर उचलून दगडाचा टेकू दिलेल्या गाडीखालीं माणसानें सरपटत शिरण्यापेक्षां हें केव्हांही बरें. परंतु खर्चाचा क्रम चुकतो, असें आमचें स्पष्ट मत आहे. लिफ्टची किंमत प्रथम विचारली जाते. ती जिच्यावर उभी राहावयाची, त्या जमिनीची चौकशी क्वचितच होते.

आपली काळी जमीन पाणी पिऊन फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. लिफ्टचें सर्व वजन दोन खांबांच्या बुडाशीं येतें. शिवाय गाडी बाहूंवर तोललेली असल्यामुळें खांबांचे बोल्ट उपटूं पाहणारा जोर सतत असतो. शहाबादी फरशी किंवा पातळ कोबा हा जोर सोसूं शकत नाहीं. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून बसविल्यास फुगवटा आटोक्यांत राहतो, हें मुंबईच्या आय.आय.टी.चे प्रा. आर. के. कट्टी यांनीं दाखवून दिलें. म्हणून काळी माती तीन-चार फूट काढून तेथें तसा मुरूम थराथरानें, पाणी मारून ठोकावा. नुसती वाळू भरूं नये. त्यावर उत्पादक सांगेल त्या जाडीचें व प्रतीचें काँक्रीट घालावें आणि तें पुरतें मुरल्यावांचून बोल्ट बसवूं नयेत.

लिफ्टऐवजीं खड्डा स्वस्त पडेल, असें कोणी म्हणतील. नीरा डावा कालवा १८८५ सालीं सुरू झाला, आणि १९१० सालींच डॉ. हॅरॉल्ड मॅन व त्यांचे सहकारी यांना नीरा खोऱ्यांतील खारवट जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. जेथें पाणी वर आलें आहे तेथें खड्ड्याची विहीर होते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्यानें खड्ड्यांत सांचते व ठिणगीची वाट पाहते.

उंचीचाही हिशेब करावा. सहा फूट उंच जीप सहा फूट उचलावयाची, तर छपराच्या कैंचीखालीं तेरा फूट तरी मोकळे हवेत. गाडी उचलल्यावर खांबांतील खटके बसले आहेत हें पाहूनच खालीं जावें. हे खटके सोडविण्यास गाडी पुन्हां किंचित उचलावी लागते. म्हणून वीज मध्येंच गेली, तर ती वरच राहील, हें ध्यानांत ठेवावें.

गाडीखालीं बहुधा मालक नसतो. ड्रायव्हर किंवा मिस्त्रीचा पोर असतो. त्याच्या जीवाचा भार या काँक्रीटवर आहे. ज्यांची जमीन खोल काळी व पाणथळ आहे, त्यांनीं पांच-सहा जणांनीं मिळून मुरमाड माळावर एकच लिफ्ट नीट पाया घालून उभारावी. तेंही न जमल्यास लोखंडी स्टँडची भक्कम जोडी घ्यावी व मोठें काम गॅरेजमध्यें न्यावें. जमिनीवरील खर्च वांचवून लिफ्ट मात्र कोणीं घेऊं नये, एवढीच बागाईतदार बंधूंस विनंति आहे.