पापडाच्या पुढे काही?

गेल्या दोन महिन्यांत मी पुण्याला तीन वेळा गेले आणि तिन्ही वेळा फक्त पिझ्झा खायला गेले, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. आमच्या घरीही हसलेच. "या वयात हे काय नवीन?" असं ह्यांनी विचारलं, आणि मुलीने फोनवर "आई, मला एकदा तरी नेलं होतंस का गं?" म्हणून टोमणा मारला. पण मी एकटी नव्हते. आमच्या बचत गटातल्या चौघीजणी बरोबर होत्या आणि सकाळच्या एसटीत प्रत्येकीच्या पिशवीत एक वही होती.

झालं असं, की गटाने कर्जासाठी अर्ज केला. व्यवसायाच्या रकान्यात आमच्या अध्यक्षांनी 'पिझ्झा' लिहिलं. कार्यालयातल्या साहेबांनी चष्म्याच्या वरून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पापड-मसाले करा ना. बायकांना तेच जमतं." बोलणं हसून, अगदी आदरानेच झालं, पण अर्ज बाजूला ठेवला गेला.

खरं सांगते, दहा वर्षं मीही हेच करत आले आहे. नवीन गट झाला की पापड, कुरडया, लोणची, फार तर गोधडी! मागच्या संक्रांतीला तालुक्याच्या प्रदर्शनात अठरा स्टॉल होते, त्यातले अकरा पापडांचे. दुपारी बायका एकमेकींचेच पापड विकत घेत होत्या. लिज्जतचं नाव आपण सगळ्याच घेतो. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली, ते खरंच आहे. पण त्यांच्या आजूबाजूला घेणारं गिऱ्हाईक होतं, हे आपण विसरतो. आमच्या गावात पापड प्रत्येक घरी होतो, तो विकत कोण घेणार? आणि पिझ्झाची दुकानं मात्र गावात तीन झाली आहेत, तिन्ही पुरुषांची. संध्याकाळी कॉलेजची मुलं-मुली तिथे रांग लावतात.

म्हणून ठरवलं, आधी खाऊन बघू. मोठ्या साखळ्यांची दुकानं मुद्दाम टाळली. १९९६ मध्ये दिल्ली आणि बंगळुरूत त्यांची पहिली दुकानं उघडली, तेव्हापासून त्यांची जाहिरात पाहतोच आहोत. तिथे भांडवलही मोठं आणि पद्धतही ठरलेली. आम्हाला बघायची होती छोटी, स्थानिक दुकानं. एकूण नऊ झाली. सगळी सांगत बसत नाही.

कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत ८९ रुपयांचा पिझ्झा खाल्ला. बेकरीतून आणलेला तयार बेस, त्यावर टोमॅटो केचप आणि शेजवान चटणी एकत्र करून लावलेली, वर कांदा, ढोबळी मिरची, मक्याचे दाणे. गर्दी इतकी, की उभं राहून खाल्लं. आमच्यातली एक म्हणाली, "हा तर पावावरचा मसाला झाला." सिंहगड रस्त्याला एका गाडीवर तव्यावरचा पिझ्झा मिळाला. झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळवायचं, ओव्हन नाहीच. त्यापाशी आमच्या वह्या बराच वेळ उघड्या राहिल्या.

बाणेरला मात्र गंमत झाली. लाकडाच्या भट्टीवरचा पिझ्झा, किंमत ४५० रुपये. पाचजणींत एकच मागवला म्हणून वाढणारा मुलगा जरा घुटमळला. भट्टीत दीड मिनिट, की झाला! कडेला काळे डाग आणि फुगे. आमच्यातल्या एक मावशी भाकरीच्या बाबतीत गावात प्रसिद्ध. त्यांनी तो तुकडा उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, "पापुद्रा सुटलाय बघ. पीठ चांगलं मुरलंय." काटा-चमचा समोर होता. त्यांनी तुकड्याची घडी घातली आणि हाताने खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या मुली बघत होत्या, मला उगाचच संकोच वाटला. नंतर आठवलं, की इटलीतल्या नेपल्समध्ये रस्त्यावर लोक पिझ्झाची चौघडी करून असाच हातात धरून खातात. तिथल्या पिझ्झा करणाऱ्यांच्या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. म्हणजे चुकत मीच होते. मावशी बासष्ट वर्षांच्या आहेत. हॉटेलात टेबलावर बसून, स्वतःच्या पैशाने खाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, हे मला परतताना एसटीत कळलं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते पिंपरीजवळच्या एका ताईंनी. सोसायटीच्या तळमजल्यावर त्या फक्त संध्याकाळी पिझ्झा करतात. कणीक (म्हणजे मैदाच, थोडी गव्हाची कणीक घालून) आदल्या रात्री मळून फ्रीजमध्ये ठेवतात. सॉस टोमॅटो, लसूण आणि थोड्या तेलाचा, घरचाच. आम्ही गावाकडच्या आहोत म्हटल्यावर त्यांनी हिशेबाची वहीच समोर ठेवली. मधल्या आकाराच्या पिझ्झाला सगळा मिळून सत्तर रुपये खर्च, त्यातला निम्मा एकट्या चीजचा. विकतात एकशे चाळीसला. घरपोच ऑर्डर घेणाऱ्या ॲपला पाव हिस्सा द्यावा लागायचा, म्हणून आता फक्त सोसायटीतल्या फोनवरच्या ऑर्डरी घेतात.

"ताई, स्वस्तातलं चीज लावलं असतं तर जास्त सुटले असते," त्या म्हणाल्या, "पण माझीच पोरं ते खातात."

हा मुद्दा प्रत्येकीने लक्षात घ्यावा असा आहे. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेला, चीजसारखा दिसणारा माल बाजारात भरपूर मिळतो. त्याला इंग्रजीत 'ॲनालॉग' म्हणतात आणि तो चीज म्हणून विकता येत नाही, असा कायदा आहे. विषारी वगैरे नसतो तो, पण चीजचे पैसे घेऊन तेल खाऊ घालणं ही फसवणूकच. आम्ही नऊपैकी सात दुकानांत विचारलं, "पाकीट दाखवता का?" दोघांनीच दाखवलं. गिऱ्हाईक म्हणून विचारायची सवय आपल्याला नाही, आणि विचारणारी बाई आगाऊ ठरते. ठरू दे!

आता तुमच्यातल्या काहीजणी म्हणतील, की समाजकार्य करणाऱ्या बाईने मैदा आणि चीजची तरफदारी करावी का? रोज खायचा पदार्थ नाहीच तो. पण वडापावची गाडी टाकायला आपण कोणाला अडवत नाही, तिथेही मैदा आहे आणि वर तळण आहे. 'आपलं नाही' हा आक्षेप तर मला पटतच नाही. बटाटा, टोमॅटो, मिरची ही तिन्ही परदेशातूनच आली आणि आपल्या चुलीवर बसली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले, तेव्हा पिझ्झा ब्रेडचा कर शून्य झाला, खाकरा आणि चपाती-रोटीच्या बरोबरीनेच. सरकारी कागदावर पिझ्झा चपातीच्या शेजारी बसला, तर बचत गटाच्या अर्जावर त्याला जागा का नसावी?

साहेबांवर माझा राग नाही. पण कर्ज देताना बाईला काय जमतं हे ठरवायचं, आणि पुरुषाला मात्र 'हिशेब दाखवा' म्हणायचं, हा फरक मला मान्य नाही. आम्हालाही हिशेब विचारा. चुकला तर अर्ज परत करा.

आम्ही काही गोष्टी ठरवून टाकल्या आहेत. फ्रँचायझी घ्यायची नाही, नुसत्या नावासाठी लाखांत पैसे भरायची आमची ऐपत नाही. सुरुवात तव्यावर, ओव्हन नंतर. बेस आपला. चीजचं पाकीट गिऱ्हाइकाला दिसेल असं समोर. अन्न सुरक्षेची नोंदणी आधी, गाडी मागून. मावशींचा एकच हट्ट आहे, की सॉसमध्ये आपली लसणाची चटणी थोडी हवीच. दोघींचा त्याला विरोध आहे आणि भांडण अजून मिटलेलं नाही.

मागच्या रविवारी माझ्या स्वयंपाकघरात वीस पिझ्झे करून पाहिले. पहिले सहा खालून करपले, दोन कच्चे राहिले. बाकीचे शेजारीपाजारी दिले, फुकट नाही, साठ रुपयांना. ह्यांनीही पैसे मोजूनच घेतला. वहीत नोंद आहे. नवा अर्ज सोमवारी द्यायचा आहे, सोबत त्या वहीची झेरॉक्स जोडून.