सिंकखालचे ओंजळभर पाणी

नवे घर बांधताना दारे, फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट यांवर घरात आठ-आठ दिवस चर्चा चालते. सिंकखालच्या ट्रॅपबद्दल मात्र कोणी विचारत नाही. प्लंबर आणील तो बसतो. म्हणूनच एका वाचक भगिनीने विचारलेला प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटला: ट्रॅप प्लॅस्टिकचा घ्यावा की पितळेचा?

आधी ट्रॅप असतो कशासाठी ते पाहू. सिंकखालच्या नळीला बाक असतो किंवा बाटलीसारखे भांडे असते. त्यात ओंजळभर पाणी कायम साचून राहते. सांडपाणी बाहेर जाते, पण या पाण्यामुळे गटारातली घाण हवा घरात येऊ शकत नाही. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ साली शौचकूपासाठी अशा बाकदार नळीचे पेटंट घेतले. युक्ती आजही तीच आहे. ते पाणी सुकले तर काय होते, हे २००३ मध्ये हाँगकाँगने पाहिले. सार्सच्या साथीत अमॉय गार्डन्स या एकाच वसाहतीतील तीनशेहून अधिक रहिवासी आजारी पडले. न्हाणीघरातील ट्रॅप कोरडे पडल्याने मैलानळीतील हवा घरांत शिरली, हे तपासात एक कारण म्हणून पुढे आले.

आपल्या बीड जिल्ह्यात तर ट्रॅप सुकायला निमित्तच लागत नाही. टंचाईत बेसिनचा नळ बंद असतो आणि वुजू बादली-बधन्यावर होते. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्यांची घरे महिनोन्‌महिने बंद राहतात. अनेक घरांत तर ट्रॅपच नसतो. सिंकला लवचीक पाईप लावून तो सरळ भिंतीच्या भोकातून नालीत सोडलेला असतो. वास दिवसभर सोसते ती ओट्यापाशी उभी असलेली बाई. तेव्हा पहिला प्रश्न प्लॅस्टिक की पितळ हा नाही. ट्रॅप आहे का, हा आहे.

आता निवडीबद्दल. स्वयंपाकघरात आम्ही प्लॅस्टिकचा ट्रॅप सुचवू. तिथे तेल, चरबी, भाताची शिते रोज जातात, म्हणजे तो वारंवार उघडावा लागणार. प्लॅस्टिकच्या ट्रॅपचे खालचे भांडे हाताने फिरवून निघते, पाना लागत नाही. तो गंजत नाही आणि स्वस्तही पडतो. मात्र साध्या पीव्हीसीला साठ अंशांपेक्षा जास्त उष्णता सोसत नाही. म्हणून उकळते पाणी किंवा गरम पेज थेट ओतू नये. थंड पाण्याचा नळ सोबत चालू ठेवण्यापेक्षा ती निवू द्यावी, पाणी वाचते. पॉलिप्रॉपिलीनचा ट्रॅप जास्त उष्णता सोसतो. मिळाला तर तोच घ्यावा. घरात उंदीर-घुशींचा त्रास असेल तर मात्र धातूचा विचार करावा, कारण त्या प्लॅस्टिक कुरतडतात.

बाहेरच्या वॉशबेसिनखाली ट्रॅप उघडा दिसतो, मुलांचे पाय लागतात. तिथे क्रोमचा मुलामा दिलेला पितळी ट्रॅप शोभतो आणि टिकतोही, पण तो जाड हवा. हातात घेऊन वजन पाहावे. चुंबक चिकटला तर ते पितळ नव्हे, मुलामा दिलेले लोखंड. बोअरच्या जड पाण्याचे क्षार आट्यांत बसले की धातूचा नट घट्ट होतो आणि उघडताना पातळ नळी पिळली जाते. संडास धुण्याचे अ‍ॅसिड तर अशा बेसिनमध्ये कधीही ओतू नये. ते मुलामा आणि धातू दोन्ही खाते. खरेदीपूर्वी माप घ्यावे. साधारणपणे वॉशबेसिनला ३२ आणि सिंकला ४० मिलिमीटरचा ट्रॅप लागतो.

बकरी ईदच्या दिवसांत चरबीची भांडी आधी कागदाने किंवा राखेने पुसून मगच धुवावीत. गरम असताना पातळ वाटणारी चरबी थंड होताच नळीत गोठते आणि कोणताही ट्रॅप तिच्यापुढे हात टेकतो.

आमच्या मते चांगला ट्रॅप तोच, जो घरातली बाई प्लंबरची वाट न पाहता स्वतः उघडू शकेल. बसवताना प्लंबरसमोर एकदा उघडून, लावून पाहावा. पुढे महिन्यातून एकदा खाली बादली ठेवून भांडे काढावे, धुवावे, रबरी वॉशर नीट बसवून परत लावावे आणि वरून तांब्याभर पाणी सोडून गळती तपासावी.

तहारत ही नमाजची अट आहे हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. सिंकखालचा कोपराही त्याच घराचा भाग आहे. गावाला जाण्यापूर्वी कुलूप लावताना प्रत्येक बेसिनमध्ये आणि न्हाणीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतावे, वर चमचाभर गोडेतेल सोडावे. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही आणि घर उघडताना दुर्गंधीला तोंड द्यावे लागत नाही.