इंटरव्ह्यू माझा की माझ्या फोनमधल्या नंबरांचा?

एसवायची परीक्षा संपली आणि ‘समर जॉब’चा मेसेज आला. इंटरव्ह्यूला गेले, तर टायवाले सर पगाराचं बोलेचनात. आधी साडेचार हजारांचं किट घे, मग दोन मैत्रिणी जोड, म्हणाले. हा माल घेणार कोण, विचारलं तर ‘निगेटिव्ह बोलू नकोस!’

खरी मेख इथेच आहे. डायरेक्ट सेलिंग बेकायदा नाही. पण कमाई माल विकून नव्हे, तर माणसं जोडून होत असेल, तर ती पिरॅमिड स्कीम. २०२१च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनुसार तिला बंदी आहे. मनी सर्क्युलेशनविरोधी कायदा तर १९७८चा!

साखळीच्या शेवटी अडकतात ते आपलेच मित्र. मी किट न घेताच निघाले. तुम्ही एवढंच विचारा : कुणालाही न जोडता, नुसता माल विकून किती सुटतील?