फोटोतलं घर



परवा वर्गात मी आमच्या घरचा एक जुना कृष्णधवल फोटो नेला. आजी खुर्चीवर ताठ बसलेली, आजोबा मागे उभे, पुढे तीन पोरं. हसू कुणाच्याच तोंडावर नाही.

"बाई, यांचं भांडण झालं होतं काय?" एकाने विचारलंच!

खरं तर आजोबांना नोकरी लागली म्हणून सगळे बैलगाडीने पुसदला आले होते, खास फोटो काढायला. फोटोवाल्याने बजावलेलं, अजिबात हलू नका. मग हसणार कोण? फोटोत चेहरे आले, बैलगाडीतली मजा बाहेरच राहिली.

१९३६ साली अमेरिकेत डोरोथिया लँग यांनी असाच एका कुटुंबाचा फोटो काढला. वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. मांडीवर तान्हं बाळ, दोन मुलं आईच्या खांद्याआड तोंड लपवलेली, आई गालाला हात लावून कुठेतरी बघते आहे. फोटो जगभर गाजला. पण लँगबाईंनी तिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं! गाडीचे टायर विकून या लोकांनी अन्न आणलं, असं त्यांनी लिहून ठेवलं. घरचे म्हणाले, तसं काही घडलंच नव्हतं. ती आई, फ्लॉरेन्स थॉम्प्सन, १९७८ साली सगळ्यांपुढे आली आणि म्हणाली, तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं.

आपल्या वऱ्हाडातले, अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, कामावरचे आणि घरचेही. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेही फोटो कृष्णधवलच. रंग नसले की कचऱ्याआधी माणसाचे डोळे दिसतात, असं मला वाटतं.

मुलांना मात्र आधी कचराच दिसला. "शी!" असा एकच आवाज झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी गप्प होती.

मधल्या सुट्टीत ती हळूच जवळ आली. "बाई, माझे बाबा पण हेच काम करतात. घरी आले की आंघोळ करतात अन् मग माझी वेणी घालून देतात. आईपेक्षा चांगली येते त्यांना. त्याचा फोटो काहून नाही काढत कोणी?"

मी तिची वेणी बघितली. घट्ट होती, अगदी सरळ भांग पाडलेला.

आता तुम्ही घरचा एखादा जुना फोटो शोधा. त्यातलं जे कुणी आज घरात असेल, त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, त्या दिवशी काय काय झालं होतं? मग मला लिहून पाठवा.

तुमची,
बाई