बाटली धुणाऱ्याला कोण विचारतं?

रसायन कंपनीच्या रिसेप्शनमध्ये सोफ्याच्या वर एक फ्रेम हमखास असते: आरोग्य, सुरक्षा आणि पर्यावरण धोरण. खाली मोठ्या साहेबांची सही, मजकूर बहुधा इंग्रजीत. ही कंपनीची मेहेरबानी नव्हे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, 1987 साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्यांवर असं धोरण आखण्याची, कामगारांना धोक्याची माहिती देण्याची सक्ती आली. माझं म्हणणं एवढंच, की ही माहिती लॅबमधल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसापर्यंत पोचली पाहिजे आणि तिच्या जोरावर त्याला काम थांबवता आलं पाहिजे.

प्लँटमधला रिअ‍ॅक्टर बघून माणूस जपून वागतो. मालाची गुणवत्ता तपासणारी क्यूसी लॅब मात्र एसीतली, पांढऱ्या कोटातली. तिथं काय होणार, असं सगळे धरून चालतात. तिथल्या सिंकखाली अडीच लिटरची तपकिरी बाटली असते. मार्करनं नुसतं ‘वेस्ट’ लिहिलेलं. सकाळच्या पाळीत कुणी त्यात अ‍ॅसिटोन ओततो, दुपारी दुसरा नायट्रिक अ‍ॅसिड ओतून झाकण घट्ट लावतो. आत प्रक्रिया सुरू होते, बाटली तापते, वायू कोंडत जातो आणि काच फुटते. तेव्हा ती बाटली कंत्राटी हेल्परच्या हातात असू शकते. अ‍ॅसिडचा कॅन वेगळा, सॉल्व्हंटचा वेगळा, आत काय आणि कधीपासून याची चिठ्ठी, वायू सुटेल असं झाकण: एवढ्यानं हे टळतं. याला पैसा फार लागत नाही. तरी होत नाही, याचा मला संताप येतो.

‘ग्लोव्हज देतो की,’ हे उत्तर ठरलेलं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापिका कॅरेन वेटरहान 1996 मध्ये लॅटेक्सचे ग्लोव्हज घालून, फ्यूम हूडमध्येच काम करत होत्या. डायमिथाइल मर्क्युरीचे थेंब हातावर सांडले; जून 1997 मध्ये त्या गेल्या. हे द्रव्य लॅटेक्समधून काही सेकंदांत पार जातं, हे नंतरच्या चाचण्यांत दिसलं. विषारी धातूंवर संशोधन करणाऱ्या बाईंची ही गत झाली. मग स्टोअरमधून मिळेल तो जोड चढवणाऱ्या पोराला कुठल्या रसायनाला कुठला हातमोजा चालतो, हे कोण सांगतं? सेफ्टी डेटा शीटची फाइल साहेबांच्या कपाटात, तीही इंग्रजीत.

डोंबिवलीत 2016 मध्ये प्रोबेस आणि 2024 मध्ये अमुदान या रसायन कंपन्यांत स्फोट झाले, तेव्हा कारखाने हलवण्याची मागणी झाली. हलवा जरूर. पण नव्या जागीही बाटल्या हीच माणसं उचलणार आहेत.

धोका दिसला तर व्यवस्थापनाला आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्कही 1987 च्या त्याच दुरुस्तीनं कामगाराला दिला. कंत्राटी माणूस तो वापरत नाही, कारण तोंड उघडलं तर उद्या ठेकेदार दुसऱ्याला पाठवतो. म्हणून धोरणात मराठीत आणि हिंदीत लिहा: चिठ्ठी नसलेली बाटली उचलायची नाही, आणि नकार दिला म्हणून कुणाची हजेरी कापली जाणार नाही. तीच अट ठेकेदाराच्या करारात घाला. सुरक्षा समितीत एक खुर्ची हेल्परला द्या, आणि बैठक त्याच्या पाळीत घ्या.